जीर्ण पोथ्यांचा जीर्णोद्धार

जैन आगम प्रारंभी ग्रंथांत नव्हते, ते मुनींच्या कंठात होते. गुरूने सांगावे, शिष्याने ऐकून धारण करावे, अशी ती श्रुतपरंपरा होती. पुढे दुष्काळ पडले, स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली, आणि वीर निर्वाणानंतर ९८० व्या वर्षी (दुसऱ्या परंपरेनुसार ९९३ व्या वर्षी) सौराष्ट्रातील वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली श्रमणसंघाने आगम पुस्तकारूढ केले. त्या दिवसापासून श्रुतरक्षणाची जबाबदारी मुनींच्या स्मरणशक्तीबरोबरच एका नाशवंत वस्तूवरही आली. प्रथम ताडपत्र, नंतर कागद. गेली दीड हजार वर्षे आपला समाज त्या नाशवंत वस्तूला जपत आला आहे. हे जपणे नेमके कसे होते, आणि आज शास्त्रशुद्ध रीतीने कसे केले जाते, याचा इतिहास सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजबांधवांपुढे ठेवावा, असा या लेखाचा हेतू आहे.

पश्चिम भारतात ताडपत्राची जागा कागदाने घेतली ती साधारणतः चौदाव्या शतकापासून. कागद आला तरी पोथीचा आकार मात्र ताडपत्राचाच राहिला. लांब आणि अरुंद. ताडपत्रात दोरी ओवण्यासाठी मध्यभागी छिद्र असे. कागदाला त्याची गरज नव्हती, तरी लहिये मध्यभागी तेवढी जागा कोरी सोडत आणि तेथे लाल ठिपका किंवा नक्षी काढत. हा कागद हातकागद होता. कापडाच्या चिंध्या, ताग, जुने दोरखंड कुटून त्यांचा लगदा करावा, तो चौकटीवर उचलावा, वाळवावा, त्यावर खळ द्यावी आणि अकीकाच्या गोट्याने घोटून गुळगुळीत करावा. आपल्या पुणे जिल्ह्यातील जुन्नर हे अशा कागदाचे नावाजलेले ठिकाण होते. जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर मराठी दफ्तरे लिहिली गेली. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय कापडाचा असल्यामुळे एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. जुना कागद हा कापडाचाच पुनर्जन्म आहे. दोहोंच्या तंतूत तोच गुण आणि तोच दोष. कापड जसे प्रथम घडीवर विरते, तसा कागदही प्रथम घडीवरच तुटतो.

या कागदावर जैन समाजाने जी चित्रकला जोपासली तिला पश्चिम भारतीय किंवा जैन शैली म्हणतात. कल्पसूत्र आणि कालकाचार्यकथा हे तिचे आवडते ग्रंथ. पर्युषणात वाचन करण्यासाठी श्रावक आपल्या खर्चाने कल्पसूत्राची प्रत लिहवून घेत आणि ती गुरूंना किंवा ज्ञानभांडाराला अर्पण करीत. त्या चित्रांतील चेहऱ्याबाहेर आलेला दुसरा डोळा, हिंगुळाची लाल पार्श्वभूमी, अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा गडद निळा रंग आणि त्यावरील सोने ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडारातील कल्पसूत्राच्या समासांत तर नर्तकी, घोडेस्वार आणि वेलबुट्टी यांचा मेळाच भरला आहे. आपल्यातील स्थानकवासी बंधूंनीही हे स्मरणात ठेवावे की, पंधराव्या शतकात अहमदाबादेत लोंकाशाहांनी परंपरेचा जो पुनर्विचार केला, त्याचा आरंभ परंपरेने सांगितल्याप्रमाणे आगमांच्या प्रती उतरवताना झाला. लहियाच्या बोरूतून एक संपूर्ण धर्मप्रवाह उगम पावला.

लहिया चुकला की ते अक्षर खोडून पान विद्रूप करीत नसे. पिवळ्या हरताळाचा लेप तो त्यावर लावी आणि वाळल्यावर शुद्ध अक्षर लिही. मराठीत आपण ‘हरताळ फासणे’ म्हणतो तो हाच हरताळ. (आपण व्यापारी दुकाने बंद ठेवून पाळतो तो हरताळ निराळा, तो हाट आणि टाळे यांवरून आला.)

आता या पानांना रोग कोणते होतात ते पाहू. काळी शाई बहुधा काजळ आणि डिंक यांची असे. काजळ कागदाला खात नाही, म्हणून सहाशे वर्षांपूर्वीची अक्षरे आजही काल लिहिल्यासारखी दिसतात. परंतु डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल लागली की अक्षर फाकते आणि पाने एकमेकांस चिकटून त्यांची वीट होते. हिराकस घातलेली शाई याच्या उलट. ती पाण्याला दाद देत नाही, पण आतून आम्ल निर्माण करून अक्षराच्या आकाराची भोके पाडते. सर्वांत घातकी जंगाल, म्हणजे तांब्याच्या गंजाचा हिरवा रंग. चित्राभोवती काढलेल्या हिरव्या रेघेवरच पान सुरीने कापल्यासारखे तुटते आणि मधले चित्र अलगद गळून पडते. जाड लावलेले रंग, विशेषतः पांढरा, पान वाकले की पापुद्रे होऊन सुटतात. याखेरीज कसर, वाळवी, उंदीर आणि बुरशी आहेतच. कागद घोटण्यासाठी दिलेली खळ हेच कसरीचे अन्न.

पूर्वजांना हे रोग ठाऊक होते आणि उपायही ठाऊक होते. पोथीवर-खाली लाकडी पाट्या, त्यावर कापडाचे बासन, घट्ट बांधलेली दोरी, आणि आत घोडावज म्हणजे आपल्या वेखंडाची पुरचुंडी. वर्षातून एकदा, कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीच्या निमित्ताने पोथ्या उघडून हवा द्यायची, धूळ झाडायची, पूजन करायचे. दिगंबर परंपरेत हेच कार्य ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, श्रुतपंचमीला होते. पंचांगाकडे व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर एक सण पावसाळ्याच्या तोंडावर येतो आणि दुसरा पावसाळा सरल्यावर. धर्माज्ञा आणि हवामान यांची अशी सांगड घालणाऱ्यांना कागदाचे शास्त्र कळत नव्हते असे कोण म्हणेल?

इंग्रजी राजवटीत या पोथ्यांना एक नवे घर मिळाले, आणि ते आपल्या पुण्यात. मुंबई सरकारने १८६६ मध्ये हस्तलिखिते जमविण्याचे काम हाती घेतले. बूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर या विद्वानांनी गुजरात-राजस्थान पालथा घालून जी हस्तलिखिते मिळविली, त्यांत जैन ग्रंथांचा वाटा फार मोठा होता. १८७४ मध्ये बूलर आणि तरुण हेरमान याकोबी हे जेसलमेरच्या वाळवंटातील भांडारापर्यंत जाऊन पोहोचले. हा सरकारी संग्रह डेक्कन कॉलेजात होता. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि १९१८ मध्ये संग्रह तेथे आला. संस्थेच्या उभारणीच्या काळात मुनी जिनविजयजी पुण्यात होते आणि ‘जैन साहित्य संशोधक’ हे नियतकालिक त्यांनी येथूनच काढले. संग्रहातील जैन हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची हिरालाल रसिकदास कापडिया यांनी केली (आडनावाने आमच्याच व्यवसायातले!) आणि ती १९३५ पासून खंडशः प्रसिद्ध झाली. प्रा. हरि दामोदर वेलणकर यांचा ‘जिनरत्नकोश’ हा जैन ग्रंथांचा महासूचीग्रंथ १९४४ मध्ये याच संस्थेने छापला. सिद्धर्षींच्या ‘उपमितिभवप्रपंचा कथे’ची ताडपत्रावरील प्राचीन प्रत येथे आहे. संस्थेच्या नोंदीनुसार तेथील सर्वांत जुने कागदी हस्तलिखित १३२० सालचे आहे. मांडवगणहून सकाळी निघालेला मनुष्य दुपारपूर्वी या संस्थेच्या दारात उभा राहू शकतो, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आहे?

५ जानेवारी २००४ रोजी या संस्थेवर जमावाने हल्ला केला. कपाटे उलथली, ग्रंथ आणि हस्तलिखिते जमिनीवर विखुरली. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच सांगावयाचे की, पोथी ही सुटी पाने असलेली वस्तू आहे. तिची पाने एकदा मिसळली की कोणते पान कोणत्या ग्रंथाचे हे ठरविणे हेच दुरुस्तीचे पहिले आणि सर्वांत किचकट काम होऊन बसते.

दुरुस्तीच्या पद्धतींचाही एक इतिहास आहे आणि तो चुकांमधून शिकण्याचा आहे. कलकत्त्याच्या इंपीरियल रेकॉर्ड विभागात, ज्याचे पुढे दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार झाले, जीर्ण कागदाच्या दोन्ही बाजूंना झिरझिरीत रेशमी शिफॉन खळीने चिकटविण्याची रीत होती. अक्षर आरपार वाचता येई आणि पान हाताळता येई. परंतु कापडवाल्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते की, इतके तलम रेशीम फार काळ टिकत नाही. पंचवीस-तीस वर्षांत ते पिवळे पडून तडकू लागले. १९५० च्या दशकात त्याच अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा आणि टिश्यू कागद ॲसिटोनच्या बोळ्याने पानावर बसविण्याची पद्धत निघाली. यंत्र लागत नाही आणि खर्च कमी, म्हणून ती बाहेरच्या देशांतही गेली. आज जाणकार तीही टाळतात, कारण प्लास्टिक म्हातारे होते आणि कागदाला आपल्याबरोबर ओढते.

जगाचे डोळे उघडले ते ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुराने. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचे पाणी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरले आणि दहा लाखांहून अधिक ग्रंथ चिखलात गेले. देशोदेशींचे कारागीर आणि विद्यार्थी तेथे धावले. त्या चिखलात एकत्र काम करताना आजच्या कागदसंवर्धन शास्त्राची शिस्त ठरत गेली. आपल्याकडे १९७६ मध्ये लखनऊला संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा निघाली. २००३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने त्या कार्याला एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे नवे लक्ष्य देण्यात आले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, जेथे जैन सचित्र पोथ्यांचा उत्तम संग्रह आहे, संवर्धनाचे स्वतंत्र केंद्र आहे.

आजचा संवर्धक पान हाती घेतो तेव्हा प्रथम काहीच करीत नाही. पान दोन्ही बाजूंनी टिपतो, छायाचित्र घेतो, पत्रांक तपासतो, कोठे काय तुटले याची नोंद करतो. मग मऊ कुंचल्याने धूळ. नंतर प्रत्येक रंगाच्या आणि शाईच्या एका कोपऱ्यात ओलसर कापसाचा सूक्ष्म बोळा टेकवून रंग सुटतो का ते पाहतो. सुटत नसेल आणि कागद आम्ल झाला असेल, तर साध्या लेखी पानाला चुन्याच्या निवळीसारख्या सौम्य क्षाराच्या पाण्यात अंघोळ घालतात; त्यामुळे आम्ल जाते आणि थोडा क्षार कागदात शिल्लक राहतो. चित्र असलेल्या पानाला मात्र पाणी नाही. सुटू पाहणारे रंगाचे पापुद्रे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून बारीक कुंचल्याने पातळ चिकाचा थेंब सोडून बसवितात. तळहाताएवढ्या चित्राला कित्येक दिवस लागतात.

फाटलेली कड आणि कसरीने पाडलेली भोके भरण्यासाठी जपानी कागद वापरतात. तुतीच्या कुळातील झाडाच्या सालीपासून तो होतो. वजनाला फुंकर, पण तंतू लांब. तो कात्रीने कापत नाहीत. पाण्याची रेघ ओढून हाताने ओढतात, म्हणजे कडेला तंतूंची झालर सुटते आणि ती मूळ कागदात रफूसारखी मिसळते. ठिगळ मूळ कापडापेक्षा जड असेल तर पुढची फाट ठिगळाच्या कडेलाच पडते, हे आपल्या आयाबहिणींना गोधडी शिवताना ठाऊक असते. तोच नियम येथेही आहे. चिकटविण्यासाठी खळ लागते ती गव्हाची, परंतु पिठाची नव्हे. गहू भिजवून, वाटून, चीक निवळवून त्यातील फक्त सत्त्व घ्यायचे, अगदी कुरडईसाठी घेतो तसे. चोथ्यातला चिवट भाग राहिला तर किडीला आमंत्रण. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालीत. त्याने कीड मरे, पण कालांतराने तांबे कागदालाही खाई.

या साऱ्या कामाचे दोन नियम आहेत. जे आज केले ते उद्याच्या संवर्धकाला काढता आले पाहिजे. आणि जे मूळचे नाही ते मूळचे म्हणून दाखवायचे नाही. चित्रातील गळालेला चेहरा संवर्धक पुन्हा रंगवीत नाही. भोक भरतो, त्याला कागदाच्या जवळचा शांत रंग देतो आणि थांबतो. येथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. जीर्णोद्धार हे आपल्या समाजाचे भूषण. परंतु मंदिरांच्या बाबतीत आपण बरेचदा जुने काढून नवे शुभ्र संगमरवर बसविण्यालाच जीर्णोद्धार म्हणू लागलो. जुनी भित्तिचित्रे ऑइलपेंटने ‘उजळली’ गेल्याची उदाहरणे वाचकांनीही पाहिली असतील. पोथीच्या बाबतीत हा उत्साह गेला तर शिल्लक काहीच राहत नाही.

जैन म्हणून आणखी एक प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. पोथीतील कसर मारावयाची काय? धुरी देऊन, रसायनाने, अतिथंडीत ठेवून किंवा प्राणवायू काढून घेऊन, कोणत्याही मार्गाने शेवटी जीव मरतो. चिकटविण्याचे काही उत्तम पदार्थ माशाच्या पिशवीपासून किंवा हाडा-कातड्याच्या सरसापासून होतात. शिफॉन तर रेशीमच. ज्या पानावर अहिंसा लिहिली आहे ते पान अशा साधनांनी जोडावे काय? गव्हाचे सत्त्व, वनस्पतीजन्य सेल्युलोजचा चीक आणि सुती कापड यांनी बहुतेक काम निभावते, आणि पोथी देताना संवर्धकाला तसे लेखी सांगण्याचा अधिकार देणाऱ्या संस्थेला असतो. किडीचे उत्तर मात्र प्रयोगशाळेत नाही, ते आपल्या साधुसाध्वींच्या नित्यक्रमात आहे. प्रतिलेखन, म्हणजे पडिलेहण. वस्तू रोज उघडून, निरखून, जीव असल्यास अलगद बाजूला करून ठेवणे. नियमित उघडल्या जाणाऱ्या पोथीत कीड वस्ती करीत नाही. थुंकी लावून पान उलटणे आपल्याकडे ज्ञानाची आशातना मानतात, आणि संवर्धन प्रयोगशाळेतही ते निषिद्धच असते.

मुनी पुण्यविजयजींनी १९५० च्या सुमारास जेसलमेरला दीर्घ मुक्काम करून तेथील पोथ्या लावल्या, सूची केली, फिल्म घेतल्या. पुढे आपला हजारो हस्तलिखितांचा ठेवा अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई विद्यामंदिरास दिला. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. पडिलेहणाची सवय होती.

आता आपल्या गावाविषयी. आपल्या जवळच्याच इनामगाव येथे घोडनदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, रांजण, मडकी बाहेर आली. मातीचे मडके मातीत तीन हजार वर्षे राहते. कागद एक पावसाळा राहत नाही. मारवाडातून लोटा-दोरी घेऊन भीमाकाठी आलेल्या आपल्या पूर्वजांनी घरात काय लिहिले, कोणत्या पोथ्या बरोबर आणल्या, कोणाला किती कर्ज दिले आणि कोणत्या दुष्काळात किती सोडले, हे फक्त लाल खारव्यात बांधलेल्या वह्यांत आहे. त्या वह्या आणि पोथ्या आज माळ्यावर, लोखंडी कपाटात, पॉलिथिनच्या पिशवीत आहेत. जुन्या झाल्या, आशातना नको, म्हणून त्या श्रद्धेने भीमेत सोडण्याची प्रथाही आपल्यात आहे. भावना शुद्ध असली तरी परिणाम असा की, देवर्धिगणींनी जे वाचविले ते आपण हाताने पाण्यात सोडतो. छापील पुस्तकाची दुसरी प्रत मिळते, हस्तलिखिताची मिळत नाही.

ट्रस्टने या वर्षी एवढे तरी करावे. घरोघरच्या हस्तलिखितांची आणि शंभर वर्षांमागील वह्यांची यादी करावी. मालकी ज्याची त्याचीच राहावी. कोणीही फाटक्या पानाला सेलोटेप लावू नये आणि झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करू नये. त्या उष्णतेने बसलेले प्लास्टिक निघत नाही. पोथ्या बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नयेत, उन्हात वाळवू नयेत; हवा द्यायची ती सावलीत. ज्यांवर चित्रे आहेत त्या पोथ्या घरी उघडत बसण्यापेक्षा पुण्याच्या किंवा मुंबईच्या जाणकारांना दाखवाव्यात. खर्चाचा प्रश्न हिशेबाच्या दृष्टीने अवघड नाही. सप्तक्षेत्रांत जिनागम हे स्वतंत्र क्षेत्र आहे. ज्ञानखात्यात येणारी रक्कम ज्ञानासाठीच खर्च होऊ शकते आणि पोथीची दुरुस्ती हा त्या खात्याचा अत्यंत शुद्ध खर्च आहे. ताळेबंदात त्यासाठी स्वतंत्र शीर्ष उघडले की काम दरवर्षी आपोआप पुढे येईल.

बासनासाठी कोरे मांजरपाट घेऊ नये, कारण त्यात गिरणीची खळ असते आणि कसर तिच्यावरच येते. ते दोनदा गरम पाण्यात, साबणाशिवाय, धुऊन वाळवावे. लाल रंग परंपरेचा असला तरी ओल लागल्यास तो पानावर उतरतो, तेव्हा आतले कापड पांढरे आणि हवे तर वरचे लाल असावे. एका मध्यम पोथीला सव्वा मीटर पुरते. ज्ञानपंचमीपूर्वी यादी झाली, तर तेवढे धुतलेले कापड प्रस्तुत लेखकाच्या दुकानातून ट्रस्टच्या कार्यालयात पोहोचते होईल.